वृक्षनेचा बीजाणूपासून कसा वाढवावा

कणकुंबी-जांबोटीकडच्या ओढ्याकाठचा काळपट देठाचा वृक्षनेचा (ट्री फर्न, झाडासारखं खोड असलेला नेचा) बेळगावातल्या शेडनेटमध्ये उत्तम वाढतो, पण बीजाणूपासून, म्हणजे नेच्याच्या बीसारख्या बारीक पुडीपासून. जंगलातून उपटून आणू नका. खोडाभोवतीची मुळं तुटली की तो उन्हाळा काढत नाही, शिवाय भीमगड अभयारण्यातून झाड काढणं हा गुन्हा आहे. रोपवाटिकेतल्या वाढलेल्या झाडाचा पानाचा तुकडा मागून घ्या.

बीजाणू पानामागच्या ठिपक्यांत असतात. ठिपके हिरवे असतील तर कच्चे, विस्कटलेले असतील तर रिकामे. तपकिरी, टपोरे ठिपके हवेत. तुकडा कागदाच्या पुडीत दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. खाली सांडलेली पूड सगळी बीजाणूंची नसते. कागद तिरका धरून हलकी टिचकी मारा. भुसा घसरून पडतो, बारीक बीजाणू कागदाला धरून राहतात. भुसा तसाच पेरला तर आठवड्यात बुरशी येते.

पारदर्शक डब्यात दोन इंच कोकोपीट भरा, वरून उकळतं पाणी ओता आणि झाकून पूर्ण गार होऊ द्या. मग बीजाणू अगदी विरळ भुरभुरवा. वर माती घालू नका, त्यांना रुजायला उजेड लागतो. डबा झाकण लावून सावलीतल्या उजेडात ठेवा, थेट उन्हात नको.

आता खरी अडचण. तीन ते सहा आठवड्यांत हिरवी साय धरते आणि पुढे महिनोन्महिने काहीच होत नाही. लोक कंटाळून डबा फेकून देतात, नाहीतर खत घालतात. खताने फक्त शेवाळ माजतं.

भिंगातून पाहा. सलग, बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळ. सुटे, हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसले तर काम बरोबर चाललंय. या पापुद्र्यांवर फलन व्हायला पाण्याचा थर लागतो, नरपेशी पोहत जातात. झाकणाला दव आहे म्हणून थांबू नका. पापुद्रे तयार झाले की उकळून गार केलेलं पाणी दर तीन-चार दिवसांनी बारीक फवाऱ्याने मारा, पापुद्रे चिंब दिसले पाहिजेत. दाट पेरलं असेल तर बरेचसे नुसते नरच राहतात. अशा वेळी चिमट्याने नखाएवढे पुंजके उचलून दुसऱ्या डब्यात एकेक इंचावर टेकवा, दाबू नका. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाका. बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) अजिबात नको, त्यातल्या मोरचुदाने पापुद्रेही जळतात.

पहिली खरी पानं फुटून रोपाला तीन-चार पानं आली की तीन इंची कुंडीत लावा. झाकण दोन आठवड्यांत थोडंथोडं उघडत न्या, एकदम काढलं तर पानं करपतात.

पुढचं सोपं: ७५ टक्के शेडनेट, पानकुजीचं खत आणि जाड वाळू मिसळलेली लाल माती, मार्च ते मे दुपारी फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारी नळी). पाणी नुसतं बुडाशी नको, खोडावरही घाला. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून निदान लहान रोपांपुरतं राखून ठेवा.