विडंबन गाण्यांचा अल्बम काढायचाय? आधी मात्रा मोजा

गॅदरिंगला कोणीतरी हिट गाण्याचे शब्द बदलून म्हणतं, लोक हसून हसून लोळतात आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो, "अरे अल्बमच काढा की". आम्ही खरंच काढला, सहा गाण्यांचा, घरच्या घरी, म्हणून ठेचा खाऊन जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात पहिलं म्हणजे मीटर, म्हणजे ओळीतल्या मात्रांचं माप (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची किंवा पुढच्या जोडाक्षरामुळे जोर येणाऱ्याची दोन). जोक कितीही भारी असू दे, शब्द चालीत बसला नाही की गेला. आमचं उदाहरणच घ्या, बारशाचा पाळणा सगळ्यांना माहीत असतो, "जो बाळा जो जो रे जो", त्यावर आम्हाला गाडीच्या ईएमआयचा पाळणा करायचा होता. "बाळा"च्या चार मात्रा, "हप्त्या"च्याही चार, म्हणून "जो हप्त्या जो जो रे जो" पहिल्याच फटक्यात बसलं. पण "पहिल्या दिवशी"च्या जागी "पहिल्या महिन्याला" टाकलं आणि गाडी घसरली, कारण "दिवशी" चार मात्रांचं आणि "महिन्याला" सहा, गाणारी बिचारी दोन मात्रा कोंबायला धावत सुटायची. शेवटी "पहिल्या महिनी" केलं, चार मात्रा झाल्या आणि वर जुन्या पाळण्याचा वासही आला. अत्र्यांनी केशवकुमार नावाने कवितांची जी विडंबनं केली त्यात मूळ कवितेचं वृत्त कसं सांभाळलंय ते एकदा बघाच, निम्मं हसू तिथेच आहे.

दुसरं, गाणाऱ्याने हसायचं नाही. वाद्यं, कोरस, आवाज सगळं मूळ गाण्याइतकंच सिरीयस पाहिजे, वेडेपणा फक्त शब्दांत. यातला बाप माणूस म्हणजे अमेरिकेतला विअर्ड अल यांकोविक. १९७९ मध्ये त्याने पहिलं गाजलेलं विडंबन कॉलेजच्या बाथरूममध्ये अकॉर्डियनवर रेकॉर्ड केलं, का तर तिथे आवाज छान घुमतो! पुढच्या वर्षी रेडिओवर लाइव्ह गायला तेव्हा ठेका म्हणून साथीदार अकॉर्डियन ठेवायच्या खोक्यावर थापा मारत होता. म्हणजे स्टुडिओ नाही हे कारण चालणार नाही. पण पुढे त्याचा बँड मूळ गाण्याचं म्युझिक स्वतः हुबेहूब वाजवायला लागला आणि मला वाटतं खरी मेहनत तीच.

आम्ही तिथेच माती खाल्ली. एका फिल्मी गाण्यासाठी यूट्यूबवरून कराओके ट्रॅक उचलला, वर तो काळी चारमध्ये आणि आमची गायिका पांढरी दोनवाली, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीची, पट्टी खाली ओढली तर ढोलकी डबड्यासारखी वाजायला लागली. तसाच अपलोड केला तर दोन दिवसांत कॉपीराइट क्लेम. शेवटी पेटी, ढोलकी आणि मोबाइलचा माइक घेऊन बेडरूममध्ये गाद्या उभ्या करून सगळं परत वाजवलं.

पण स्वतः वाजवलं म्हणजे सुटलो असं नाही हां. चाल, शब्द आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. अमेरिकेत १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने विडंबनाला बरंच बळ मिळालं, आपल्या कॉपीराइट कायद्यात मात्र विडंबनाला नाव घेऊन सूट नाहीये, कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेपुरती मोकळीक आहे, आणि कलम ३१सी खाली कव्हर (तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड) करता येतं ते पाच वर्षांनंतर आणि शब्द-चाल न बदलता, म्हणजे आपल्या काय कामाचं! त्यामुळे परवानगी मागा, नाहीतर पारंपरिक चाली घ्या किंवा एखाद्याच्या स्टाइलची नवी चाल बांधा. अलसुद्धा परवानगी मागतो. पॉपस्टार प्रिन्स कायम नाही म्हणायचा, तर त्याच्या गाण्यांना हात लावला नाही. १९९६ मध्ये रॅपर कूलिओच्या गाण्याच्या विडंबनावरून राडा झाला, रेकॉर्ड कंपनीकडून होकार आल्याचं अलला कळलेलं आणि कूलिओ म्हणाला मी कधी हो म्हटलं? तेव्हापासून अल थेट कलाकारालाच विचारतो.

आता लोकांपर्यंत न्यायचं कसं. २०१४ च्या अल्बमला अलने आठ दिवसांत आठ व्हिडिओ सोडले, कंपनी व्हिडिओला पैसे देईना म्हणून वेगवेगळ्या वेबसाइट्सना सोबत घेतलं, आणि पहिल्या आठवड्यात १,०४,००० कॉप्या जाऊन अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, थेट एक नंबरला. कॉमेडी अल्बम तिथे पोचला तो १९६३ नंतर पहिल्यांदा! आम्ही शहाण्यांनी सहाही गाणी एकाच रात्री टाकली, लोकांनी पहिलं ऐकलं आणि झोपले. रोज एक टाका.

आणि टाकायच्या आधी गाणं माहीत नसलेल्या एकाला ऐकवा, तोही हसला तर ठेवा. आमचा ईएमआयचा पाळणा बहिणीच्या मुलाच्या बारशाला वाजवला, तरुण मंडळी खिदळली, आजीने शेवटपर्यंत शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "छान आहे, पण हप्ता झोपला का रे?"