नवा बूट आणि दुमडणारा गुडघा

मांडीतून पाय गेलेल्या, शेतात-बाजारात रोज चालणाऱ्या माणसांसाठी हे लिहितोय.

माझाही एक पाय मांडीतून गेलाय, आणि माझा कृत्रिम गुडघा चार दांड्यांच्या जोडणीचा आहे. पाय सरळ असताना त्याचा फिरण्याचा बिंदू वर आणि मागे राहतो, म्हणून उभं राहिलं की तो पक्का. दुमडला की पायाची लांबी किंचित घटते आणि चवडा जमिनीला घासत नाही. फार चांगली वस्तू आहे. पण नवा बूट घातल्यापासून टाच टेकली की गुडघा दगा द्यायला लागला, उतारावर तर फारच.

कारण निघालं बुटाची टाच. कृत्रिम पावलाचा घोटा खऱ्यासारखा जुळवून घेत नाही. टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते आणि गुडघा दुमडतो. सपाट चप्पल घातली तर उलटं: नडगी मागे कलते, गुडघा ताठ राहतो, सपाटीवरही चढ चढल्यासारखं वाटतं.

लातूरला गंजगोलाईजवळ चप्पल-बूट शिवणाऱ्या मामांकडे जुना बूट मापाला नेला. “मामा, नव्याची टाच ह्याच्याएवढीच करून द्या.” त्यांनी नीट तासून दिली आणि गुडघा ताळ्यावर आला. चपलेला टाचेखाली रबराचा तुकडा लावून घेतला. पायाच्या स्क्रूंना मात्र हात लावला नाही, ते काम तंत्रज्ञाचंच.

पावसाळ्यात आपली काळी माती टाचेखाली थापून बसते आणि पुन्हा तीच गत होते. म्हणून बांधावर आलो की आधी काठीनं माती खरवडतो, मगच उतरतो. उतरताना कृत्रिम पाय आधी, चढताना चांगला.