सागाच्या मालकी प्रकरणाची फाइल: दाखल करण्याआधी काय तपासायचं

मालकी प्रकरण म्हणजे स्वतःच्या जमिनीतली झाडं तोडून लाकूड नेण्याच्या परवानगीचा अर्ज. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट, माहूर भागात सागाचं असं प्रकरण अडकतं ते बहुतेक झाडांच्या आकड्यावर. सातबाऱ्यावर चाळीस, अर्जात बेचाळीस, पंचनाम्यात एकोणचाळीस. असली फाइल परत आलीच म्हणून समजा.

आधी झाड कोणतं ते बघा. झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन, चंदनही आहे. बांधावरच्या चिंचेला परवानगी कशाला, असं म्हणून कुऱ्हाड लावली की गुन्हा. जमीन नगरपालिका हद्दीत असेल तर १९७५ चा कायदा बघावा लागतो. मग अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे.

मग मालकी. चालू सातबारा, आठ अ आणि शेवटचा फेरफार एकमेकांशी जुळवा. खातं सामाईक असेल तर संमतीपत्र सगळ्यांचं हवं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतात आणि नेमक्या त्यांच्याच सह्या राहून जातात. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा जुनी इनामी जमीन असेल तर तहसीलमधून झाडांच्या हक्काचा खुलासा आधी घ्या. खातेदार आदिवासी असल्यास १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो; व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करता येत नाही.

शेजारी वनजमीन किंवा गायरान असेल तर मोजणी करून नकाशाची क प्रत जोडा. हद्दीवरच्या चार झाडांपायी अख्खं प्रकरण थांबू शकतं.

आता आकड्याचं मूळ. साग तोडला की खुंटातून फुटवे येतात. एका खुंटावर तीन खोडं वाढली असतील तर तलाठी एक झाड लिहितो, छाननीवाला तीन मोजतो. म्हणून यादीत खुंट आणि खोड असे दोन रकाने ठेवा. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या. उतारावर वरच्या बाजूने मोजा. तिथे गाठ असेल तर जरा वर सरका आणि शेऱ्यात लिहा. १.३७ मीटरच्या खालीच फाटा फुटला असेल तर खोडं दोन धरायची. खूण दोन ठिकाणी करायची, छातीजवळ आणि बुडाशी. बुडाची खूण शाबूत राहील इतकं वरून कापा. वनपाल नंतर खुंट तपासतो तेव्हा आपल्याकडे पुरावा तेवढाच असतो.

घनमापाचं सूत्र सोपं आहे: मध्य घेराचा (ओंडक्याच्या मधोमध मोजलेल्या घेराचा) चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १ मीटर घेर, ४ मीटर लांबी म्हणजे ०.२५ घनमीटर. घेर सेंटिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये तशीच गुणली की यादीत भलतेच आकडे येतात. एक-दोन ओंडके हाताने करून बघाच.

वाहतूक परवान्यावरचा गाडी नंबर, मार्ग, मुदत आणि ओंडक्यांची संख्या गाडी भरताना समोर ठेवून ताडून घ्या. ट्रक बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरायचा झाला तर नंबर पेनाने खोडू नका, वन परिक्षेत्र कार्यालयातून परवाना दुरुस्त करून आणा. खाडाखोड केलेला परवाना नाक्यावर चालत नाही, लाकूड तुमच्या वावरातलं असलं तरी.