संग्रहालयाशी विकिपीडियाची भागीदारी कशी जुळवावी

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात, प्रस्ताव घेऊन जाताना ‘सगळे खुले करा’ अशी मागणी न करता वीसेक वस्तूंची यादी न्यावी आणि छायाचित्रण, वर्णन व विकिमीडिया कॉमन्सवरील (विकिपीडियाला चित्रे पुरवणाऱ्या मुक्त संग्रहावरील) नोंद कोण करील, हे लेखी ठरवावे. परवान्याचा मुद्दा मात्र घाईने उरकू नये. कॉमन्सवर चालणाऱ्या परवान्यात व्यावसायिक वापरालाही मुभा असते, क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना ठरावीक अटींवर वापराची मुभा देणारा तयार परवाना) एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि वस्तू संस्थेच्या ताब्यात असली तरी तिचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) संस्थेकडे असेलच असे नाही. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणून प्राचीन शिल्पे व नाणी यांपासून आरंभ करणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या संस्थेवरील विकिपीडिया लेखात थेट बदल न करता त्या लेखासोबतच्या चर्चापानावर सूचना द्याव्यात.