रंग जुळला, तरी कोट-पँट का बिघडते?

सूटिंगच्या काउंटरवर किंवा पुरुषांच्या स्टायलिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांना रंग जुळवता येतात, हे मी धरूनच चालतो. नेव्ही कोट, करडी पँट, तपकिरी बूट, एवढं सगळ्यांना येतं. सगळे अडकतात ते पोतात. मीही तिथेच अडकलो होतो, आणि ताका हातात आला की आधी रंगाकडे बघायची खोड अजून पुरती गेलेली नाही.

गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "लग्नातला सूट पडून आहे. त्याचा कोट दुसऱ्या पँटवर चालेल ना?" आपण रंग बघतो आणि हो म्हणतो. बहुतेक वेळा तो चालत नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण निम्मं काम इथेच शिकून होतं.

लग्नाचा सूट बहुधा वर्स्टेडचा, नाहीतर तसा दिसणाऱ्या टेरीवूलचा (पॉलिएस्टर-लोकर मिश्रणाचा) असतो. वर्स्टेडसाठी लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात आणि उरलेले लांब तंतू समांतर ठेवून सूत कातात. म्हणून कापड गुळगुळीत होतं, प्रकाशात एकसारखं चमकतं. फ्लॅनेल, ट्वीड या लोकरी कापडांच्या सुतात आखूड तंतू राहतात, त्यामुळे अंगावर लव येते आणि चमक मरते. आता सुटाच्या त्या चमकदार कोटाखाली दुसरी तसलीच गुळगुळीत पँट घातली, की दोन सुटांचे अर्धे अर्धे भाग घालून आल्यासारखं दिसतं. कॉटनची चिनो पँट घातली तर वर चमक, खाली खरबरीतपणा, म्हणजे सगळं उलटं. सुट्या, म्हणजे वेगवेगळ्या कापडांच्या, कोट-पँटीत कोटाचं कापड पँटीपेक्षा खरबरीत हवं. फरक लांबून डोळ्यांना दिसेल इतका हवा. 'जवळजवळ सारखं' दिसणारी जोडी सर्वांत वाईट. सुटाचा कोट मुळातच इतका गुळगुळीत असतो की त्याच्याखाली शोभेल असं काही उरतच नाही.

हे वाचून घाबरू नका. हाताला हे लवकर कळतं. ट्यूबलाइटखाली सगळी कापडं सारखीच दिसतात, म्हणून ताका दुकानाच्या दाराशी न्या, तिरप्या उजेडात धरा, मुठीत चुरगळून सोडा. कटपीस घरी नेऊन एकमेकांवर ठेवून बघा. फोनवर फिरणारे 'परफेक्ट कॉम्बिनेशन'चे तक्ते मात्र डिलीट करा. त्यात रंगांचे चौकोन असतात, कापड नसतं. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत इथे न लिहिलेलं बरं. एखाद्या जुन्या कटिंग मास्तरांच्या टेबलाशेजारी उभे राहा. ते ओरडतील. पण कुठलं कापड कसं पडतं हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. रंगाचं मात्र त्यांना विचारू नका, "काहीही चालतं" हेच उत्तर मिळेल.

वजनही बघा. ४०० ग्रॅमच्या ट्वीडखाली २२० ग्रॅमची पँट फडफडते. अर्थात मुंबईत ट्वीड विकायची वेळ येतेच किती? आपल्या हवेत खरबरीतपणा हवा तर हॉपसॅक घ्या. त्यात दोन-दोन धागे एकत्र घेऊन टोपलीसारखी वीण असते, मधल्या भोकांतून वारा खेळतो. किंवा जास्त पीळ दिलेलं फ्रेस्को. ते इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या मार्टिन सन्स गिरणीने १९०७ मध्ये आणलं. किंवा लिनन, किंवा मटका सिल्क. अशा कोटावर सॅटिनचा झगमगीत टाय बांधला की सगळं पाण्यात. सुईवर विणलेला (निटेड) टाय, इटलीतल्या कोमोचं ग्रेनाडीन (जाळीदार विणीचं रेशीम), नाहीतर आपलं टसर चांगलं. टसरचं सूत एकसारखं नसतं, तेच इथे कामाला येतं.

सुटाच्या लोकरीचा 'सुपर १२०' आकडा ऐकून कुणी हुरळून गेलं, तर सांगा की तो आकडा तंतूच्या बारीकपणाचा आहे, १७.७५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. वजनाशी त्याचा संबंध नाही. सुट्या कोटाला असं तलम कापड मी तरी देत नाही. सेल्समन देतात, कारण त्यात पैसा आहे. नव्या माणसाला त्यांना दुकानात सगळ्यांसमोर अडवता येत नाही, हेही खरं. निदान पोटात ठेवा.

आणि लग्नातला सूट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला नुसतं नाही म्हणून परत पाठवू नका. कोट सुटावरच राहू द्या, पण त्याची पँट करडी असेल तर हॉपसॅकच्या किंवा लिननच्या कोटाखाली ती मस्त जाते. फक्त ती वेगळी वापरली की कोटाआधी झिजते, म्हणून पुढच्या सुटाचं माप घेतानाच त्याच ताक्यातून दोन पँटी कापून घ्यायला सांगा.