थ्रस्ट कमी का दिसत होता

नाशिकला घराच्या गच्चीवर ९२० केव्हीची (म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला सुमारे ९२० फेऱ्या घेणारी) मोटर आणि १० इंची प्रोपेलर तपासताना मला वारंवार ६०० ग्रॅमच्या आसपासच थ्रस्ट (प्रोपेलरचा ढकलण्याचा जोर) मिळत होता. मोटर मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावरच उभी बसवली होती (काटा न विचारता उचलल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली, ते वेगळे). काटा जितके वजन कमी दाखवील तितका थ्रस्ट, असा माझा हिशेब होता. परंतु प्रोपेलरने खाली लोटलेली हवा काट्याच्या तबकडीवरच आदळून तिला दाबत होती आणि तेवढा थ्रस्ट मोजमापातून वजा होत होता.

मग काटकोनात जोडलेल्या दोन समान लांबीच्या लाकडी पट्ट्या कोपऱ्याशी बेअरिंगवर बसवल्या. उभ्या पट्टीच्या टोकाला मोटर आणि आडव्या पट्टीचे टोक काट्यावर, अशा रचनेमुळे हवेचा झोत आडवा निघून गेला. ५०० ग्रॅमच्या वजनाने काटा पडताळला, व्होल्टेज मोटर चालू असतानाच मोजले आणि आकडा ७८० ग्रॅमवर स्थिरावला. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवा थोडी विरळ असते, म्हणून तितक्याच फेऱ्यांना समुद्रकाठापेक्षा थोडा कमी थ्रस्ट मिळणे स्वाभाविकच आहे.