मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उदाहरणादाखल घेऊ. तिचे विभाजक चुकीचे आले, तर बहुतेक जण आधी सूत्रावर संशय घेतात. प्रत्यक्षात पुष्कळदा संख्याच बदललेली असते. स्प्रेडशीटमध्ये पंधराच सार्थ अंक टिकतात, त्यामुळे शेवटचे दोन अंक शून्य होतात. दशांश संख्यांसाठीच्या ६४ बिटी प्रकारात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक मावत नाही, म्हणून आपली विषम संख्या तिथे ३२० ने संपते आणि तिला २ व ५ ने भाग जातो असे उत्तर मिळते. म्हणून संख्या मजकूर म्हणून वाचावी, पूर्णांक प्रकारातच ठेवावी आणि पुन्हा छापून शेवटचा अंक पडताळावा.

अंकांची बेरीज ८१ येते, यावरून ९ ने भाग जातो एवढेच सिद्ध होते. आपल्या संख्येला ८१ नेही भाग जातो हे खरे, पण त्याचे कारण ही बेरीज नव्हे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भाग जात नाही.

सर्वांत फसवी चूक अवयव पाडताना होते. ३ चार वेळा आणि ३७ दोन वेळा काढल्यावर १११३३३६६६८८९ उरते, आणि ही उरलेली संख्या ३३३६६७ या मूळ संख्येचा नेमका वर्ग आहे. विभाजकाचा वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा ‘लहान’ असेपर्यंतच तपासायचे, अशी अट लिहिली तर शोध ३३३६६६ वर थांबतो आणि संयुक्त संख्या मूळ ठरते. अट ‘लहान किंवा समान’ अशीच हवी. विभाजक ३२ बिटी चिन्हयुक्त प्रकारात ठेवला असेल, तर ४६३४१ पासूनच त्याचा वर्ग मर्यादेबाहेर जातो. हा दोष मला अधिक धोकादायक वाटतो, कारण अनेक भाषांत त्याची सूचनाही मिळत नाही.

या एका अटीमुळे पुढची सगळी उत्तरे बिघडतात. घातांक ४, २ आणि २ असल्याने विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५ आहेत. अट चुकल्यास ३० येतात. विभाजक जोड्यांनी मोजणाऱ्यांना ४६ मिळतात, कारण १११११११११ हे वर्गमूळ दोनदा मोजले जाते. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, एवढे आठवले तरी ही दोन्ही उत्तरे तिथेच बाद होतात.

ऑयलरचे फल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत (१ शिवाय सामाईक विभाजक नाही) याची मोजणी, काढताना ३ च्या चौथ्या घातासाठी २ चा चौथा घात, म्हणजे १६, घेतला जातो. बरोबर किंमत ८१ − २७, म्हणजे ५४ आहे.

उरलेला अवयव मूळ आहे का, हे फर्माच्या कसोटीवर सोपवू नये. तिच्यात एक पाया निवडून, त्याच्या तपासायच्या संख्येहून एकने कमी असलेल्या घाताला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का, एवढेच पाहतात. ३४१ ही ११ आणि ३१ यांचा गुणाकार असूनही पाया २ घेतल्यास ती कसोटी पार करते, आणि ५६१ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायासाठी पार होते. ३३३६६७ एवढ्या लहान संख्येसाठी ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते, आणि त्यातून मिळणारे उत्तर निर्विवाद असते.